तिकडच्या भाषेत मामा

छत्रपती संभाजीनगर,
घट बसायच्या आदल्या दिवशी

प्रिय राजी,

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं डॉक्टरी डोकं मध्ये येणार नाही. माझा गुडघा ठणठणीत आहे. दोन्ही ठणठणीत आहेत. आज सकाळीच नागपूरहून आलेल्या एका कुटुंबाला घेऊन दौलताबादचा किल्ला पार वरच्या बारादरीपर्यंत चढलो. त्यांचा तरणाबांड जावई अर्ध्या वाटेत बसला आणि म्हणाला, काका, तुम्ही व्हा पुढं. तेव्हा आईनं फोनवर तुला जे सांगितलं, मामाला जिना चढवत नाही, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलंय, ते सगळं विसर. तू लगेच म्हणालीस की एक्स-रे पाठवा. आता नसलेल्या दुखण्याचा एक्स-रे मी कुठून आणू? म्हणून तर हल्ली तुझा फोन आला की मी किल्ल्यावर रेंज नसल्याचं नाटक करतो, आणि तुझी मामी चुलीपाशी उभी राहून माझ्याकडं असं बघते की भाजी न ढवळताच शिजावी.

हे पत्र तुला पिवळ्या साडीच्या घडीत सापडेल. मामाकडची पिवळी साडी लग्नाच्या दिवशी सकाळीच मोडायची, त्याआधी घडीला हात लावायचा नाही, असं मी तुझ्या आईला बजावलंय. अशी काही रीत आहे की नाही मला ठाऊक नाही, पण रीत म्हटलं की तुझी आई ऐकते. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा बाहेर द्राक्षांच्या मांडवाखाली टेबलं लागली असतील, आपल्या जावयाची, लाशाची आजी कुणावर तरी खेकसत असेल, आणि तू ओल्या केसांनी साडी हातात घेऊन उभी असशील. बस खाली. मध्येच उठून आईला हाक मारू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग तुला काय करायचं ते कर.

गेल्या दिवाळीत तू फोन करून सांगितलंस की लग्न पुढच्या वर्षी, द्राक्षं उतरायच्या दिवसांत, लाशाच्या गावी. तेव्हापासून या घरात दुसरा विषय नव्हता. मी आयुष्यभर दुसऱ्यांना हिंडवलं. जपानी हिंडवले, फ्रेंच हिंडवले, शाळांच्या सहली हिंडवल्या, आणि स्वतः मात्र एकदा गाइड मंडळींबरोबर गोव्याला गेलो तेवढाच. तिथंही चर्च दाखवणारा पोरगा चुका करत होता म्हणून मीच सगळ्यांना माहिती सांगत बसलो. कुणीतरी मला हिंडवावं, मी तोंड उघडं टाकून इकडंतिकडं बघावं आणि माझा फोटो दुसऱ्यानं काढावा, एवढी माझी हौस होती. तू म्हणालीस, मामा, मी तुमची गाइड. तुझी मामी विमानात बसायला काही केल्या तयार झाली नाही. लिफ्टमध्ये भोवळ येते, म्हणाली, आभाळात काय होईल. राहिलो मी आणि तुझी आई. रोज संध्याकाळी संध्या वरच्या खोलीतून चहा घेऊन खाली यायची आणि आम्ही दोघं बहीणभाऊ फोनवर तुझ्या देशाचा नकाशा उघडून बसायचो.

राजधानी आधी आणि द्राक्षं नंतर, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. लग्न उरकल्यावर पाहुण्यांचं लक्ष शहरात लागत नाही, सगळे झोपा काढतात, हे गाइडला सांगावं लागत नाही. म्हणून आधी तिबिलिसी. सकाळी नदीकाठानं चालायचं, किल्ला आधी खालून बघायचा आणि मगच वर जायचं. वर जायला तारेवरचा पाळणा आहे म्हणालीस, तर मी म्हटलं, किल्ल्यावर पाळण्यानं जाणारी माणसं मी अजून पाहिली नाहीत, आम्ही चढून येऊ. आपल्या देवगिरीपुढं तुमचा तो किल्ला लेकरूच आहे, पण ते तिथल्या लोकांसमोर बोलणार नव्हतो. उतरताना विटांच्या घुमटांखालची ती गरम पाण्याची न्हाणीघरं. तिथं बायकांचं वेगळं असतं का, हे संध्यानं मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी तिला तुलाच विचारायला लावलं. मोदकासारखे दिसणारे मटणाचे ते खिंकाली. मोदकात मटण, म्हणून मामीनं कानावर हात ठेवले होते. भट्टीच्या भिंतीला थापून काढलेली रोटी, आपल्याकडच्या खलियाबरोबरच्या नानच्या चुलतभावासारखी. आणि टेकडीवरचा तो बाईचा उंच पुतळा, एका हातात पाहुण्यांसाठी वाईनची वाटी आणि दुसऱ्या हातात शत्रूसाठी तलवार. तो फोटो संध्यानं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “दोन्ही हात गुंतल्यात बिचारीचे. नवरा कुठंय हिचा?” मी एवढा हसलो की चहा सांडला. तीही हसली. मग फोन माझ्या हातात देऊन कपबशा विसळायला गेली.

तिथून पुढं डोंगर ओलांडून काखेती, तुमचा द्राक्षांचा मुलूख. तेलावीला एक मुक्काम, तटबंदीचं सिघनाघी बघायचं, आणि मग लाशाचं गाव. नवऱ्या मुलाचं असलं नाव तुझ्या मामीच्या तोंडातून आजवर निघालेलं नाही. शुभकार्यात लाश कशाला, म्हणते, आणि जावईबापू म्हणून मोकळी होते. पण त्याच्या घरच्या रांजणांवर ती खूश आहे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले ते मातीचे रांजण, त्यात द्राक्षं तुडवून भरायची, तोंड लिंपायचं आणि विसरून जायचं. तू पहिल्यांदा ते फोनवर दाखवलंस तेव्हा आम्ही दोघं एकदमच म्हणालो, “पेव!” आमच्या लहानपणी गंगापूरकडच्या घराच्या अंगणात पेव होतं, ज्वारीचं. जमिनीत खोल खड्डा, तोंडावर फरशी, वरून शेणमाती. पेव उघडायच्या दिवशी आत जीव गुदमरतो म्हणून आधी कंदील सोडायचे, आणि पोरांना लांब उभं करायचे. संध्या तरीही वाकून बघायची आणि मी तिची वेणी धरून ठेवायचो. तिकडं दारू आणि इकडं ज्वारी, पण जमिनीच्या पोटात ठेवून भरवसा टाकायची पद्धत तीच. तेव्हा लाशानं सांगितलं की तो जन्मला त्या वर्षी त्याच्या आजोबांनी एक रांजण भरून लिंपला होता, तो त्याच्या लग्नातच उघडायचा. आणि त्यातली पहिली वाटी त्याची आजी स्वतःच्या हातानं नवरीच्या बापाला देणार. ते ऐकून मामी चहा टाकायला उठली. पण ही गोष्ट गुढीपाडव्याच्या आधीची. पाडव्याला जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं, आणि हसू आलं की आता दुसरंही काही येतं.

पाडव्याला मी लग्नासाठी शिवलेला कोट घालून तुला दाखवत होतो. आयुष्यातला पहिला कोट. शिंप्यानं खांदे जरा फुगवले होते, त्यामुळं मी बँडवाला दिसतो असं मामीचं म्हणणं होतं. तुझ्याकडं लाशाची आजी आली होती. ऐंशीच्या पुढची बाई आणि तिला बेबिया म्हणतात, म्हणजे आजी, हे ऐकून आम्ही आधीच हसत होतो. तू फोन तिच्याकडं वळवलास आणि घाईत मराठीतच बोलून गेलीस, हा माझा मामा. झालं. त्या बाईनं तेवढा एक शब्द पकडला. “मामा! मामा!” करत तिनं फोनचा मुका घेतला, डोळे पुसले, शेजारणींना हाका मारल्या, आणि सगळ्या जणी मला बघून मामा मामा करायला लागल्या. मग तिला माझ्या शेजारी बसलेली संध्या दिसली. ती आई, हे तिला ठाऊक होतं. ती हातानं खुणा करून सांगायला लागली, जवळ बसा, असे लांब लांब का बसलात, नवराबायको ना तुम्ही! मला काही कळेना. तू हसून हसून फोन पाडलास. मग सांगितलंस की तिकडच्या भाषेत मामा म्हणजे बाप. देदा म्हणजे आई, पापा म्हणजे आजोबा आणि मामा म्हणजे बाप. मामी आतून पदरानं हात पुसत आली आणि म्हणाली, “लई उलटा मुलूख हाय बाई.” मी तुला म्हटलं, अगं, त्या म्हातारीला खरं काय ते सांग. तू म्हणालीस, लाशाला सांगितलंय, आजीला राहू दे. राहू दे मामा, त्यात खोटं काय आहे?

राजी, फोन ठेवल्यावर मी गच्चीवर जाऊन रडलो. आनंदानं रडलो. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुझ्या मामीनं आणि मी कधीच एकमेकांना बोलून दाखवलं नाही, कारण घरात तू होतीस. पण तू दुसऱ्याची आहेस हेही आम्ही कधी विसरलो नाही. शाळेत, दवाखान्यात, कुठंही नेलं की मी आधीच सांगून टाकायचो, मामा आहे मी हिचा. पुढच्याची चूक होऊ नये म्हणून. आणि आता जगाच्या पाठीवर एक असा मुलूख निघाला, जिथं मी मामा आहे असं खरं सांगितलं तरी लोक मला बापच समजणार. मला तो देश बघायचा होता गं. किल्ला, पुतळा, द्राक्षं हे सगळं बघायचंच होतं, पण त्याहून जास्त मला तिथं, त्या लोकांत, एकदा चालून बघायचं होतं. त्या दिवशी आमच्यात एकटी तुझी आई हसली नव्हती. मला ते दिसलं होतं, पण मी माझ्याच आनंदात होतो.

तुझ्या बाबांविषयी मी तुझ्याशी कधी वाईट बोललो नाही, आजही बोलणार नाही. इंद्रजीतदाजी मस्कतला कामाला गेले तेव्हा तू भिंत धरून चालत होतीस. आधी फोन यायचे, मग सणावारी यायला लागले, मग तिकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं की त्यांनी तिथं दुसरं घर केलंय. संध्या तुला घेऊन माझ्याकडं चार दिवसांसाठी म्हणून आली आणि वरच्या खोलीत राहिली ती राहिलीच. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर किल्ल्यावर यायचीस. अंधारीचा भुयारी रस्ता लागला की बाकीची पोरं माझा हात धरायची. तू धरायची नाहीस. तू म्हणायचीस, मी पुढं जाते, तुम्ही मागं या. त्या काळोखात वटवाघळं फडफडायची, मी मुद्दाम बॅटरी विझवायचो, आणि तू दर दोन पावलांनी हाक मारायचीस, “मामा?” मी म्हणायचो, “हाय, पाठीमागंच हाय.” परत दोन पावलं, परत “मामा?” पलीकडं उजेड आला की तू असं तोंड करायचीस जसं काही मलाच भीती वाटत होती. लग्नातही मामानं पाठीमागंच उभं राहायचं असतं, ही रीत कुणी काढली देव जाणे, पण ती मला कधी कमीपणाची वाटली नाही.

मग उन्हाळ्यात दाजी परत आले. तुला ते माहीत आहे. तू फोनवर त्यांच्याशी हो-नाही एवढंच बोललीस, तेही माहीत आहे. तिकडचं घर मोडलं, काम संपलं, साखर वाढली, पांढरी मिशी आणि एक चाकाची बॅग घेऊन ते सकाळी दारात उभे राहिले. दार मीच उघडलं. मला वाटलं होतं, असं कधी झालंच तर मी त्यांची गचांडी धरीन. मी म्हटलं, या दाजी. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं बोलणं त्या दोन शब्दांत वाया गेलं. संध्या जिन्यात उभी होती. ती वर गेली, आणि थोड्या वेळानं वरून पोहे परतल्याचा वास आला. मामी मला म्हणाली, “तुमच्या बहिणीला अक्कल नाय.” मी म्हटलं, नसेल.

पण राजी, तू इथं नव्हतीस म्हणून तुला सांगतो. श्रावणात तुझ्या आईनं सत्यनारायण घातला. आजवर आपल्या घरी पूजेला मी आणि मामी बसायचो आणि ती प्रसाद भाजायची. हळदीकुंकवाला गेली तरी करंडा तिच्यासमोर येऊन जरासा थांबायचा. लावावं की न लावावं, असं लावणारीच्या चेहऱ्यावर दिसायचं. ती स्वतःच बोट पुढं करून लावून घ्यायची आणि हसायची. कुणाला कळायचं नाही, मला कळायचं. त्या दिवशी ती दाजींच्या शेजारी पाटावर बसली, भटजींनी उपरण्याला पदराची गाठ मारली, आणि तिनं मान वर करून सगळ्या बायकांकडं बघितलं. एकेकीकडं बघितलं. ह्या माणसानं तिचं काय केलं हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि तरी तिला जोडीनं बसायचं होतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. अजूनही येतो. पण त्या पाटावरून तिला उठ म्हणण्याची माझी छाती नाही.

तुझी साडी घ्यायला आम्ही दोघं गुलमंडीत गेलो होतो. दुकानदारानं पिवळ्यांचा ढीग घातला. कुणाकडची, त्यानं विचारलं, मी म्हटलं, मामाकडची, तर तो म्हणाला, मग चांगलीच काढतो. संध्या काठ चाचपत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “गोकुळ, तू नाय आलास तर चालंल का रे?” मला वाटलं गंमत करते. मी म्हटलं, मग काय फक्त कोट पाठवू? ती रडायलाच लागली, त्या दुकानात, सगळ्यांसमोर. म्हणाली, “ती म्हातारी तुला माझा नवरा समजती. सगळं गाव समजतं. आता हे आलं, आता तिथं मी दोघं घेऊन जाऊ का? लेकीच्या लग्नात मी कुणाजवळ उभी राहू, आन् लोकास्नी काय सांगू, तेव्हा कोण व्हता आन् आता कोण हाय?” दुकानदार शहाणा माणूस, तो पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला. मी म्हटलं, लेक म्हणेल की खरं सांगून टाकू. ती म्हणाली, “सांगंल ना. सगळंच सांगंल. मग मी परत तीच, टाकलेली. तिथं तरी नको.” आणि मग फार बारीक आवाजात म्हणाली, “एकदा मला जोडीनं जाऊ दे, दादा.” ती माझ्यापेक्षा मोठी आहे. तिनं मला दादा म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी दुकानदाराला हाक मारली आणि ही साडी बांधायला सांगितली. काठ जरा रुंद आहे, पण रंग बघ, ताज्या हळदीचा.

मामी संध्याशी बरेच दिवस बोलली नाही. वरून वाटी मागायला कुणी आलं की आतूनच सरकवायची. मला म्हणाली, “तुम्ही येडे हाव. जन्म गेला जोखीम उचलण्यात, आन् आता फळ दुसऱ्यानं खायचं.” मी म्हटलं, अगं, तिकडं द्राक्षं पुष्कळ आहेत. तिनं माझ्या अंगावर लाटणं उगारलं आणि मग तिथंच खाली बसून रडली. तिचं रडणं तुला माहीत आहे, दणदणीत असतं. तरी बॅगेत तुझ्यासाठी तिच्या हातचे मेथीचे लाडू आहेत, आणि जावईबापूंना वेगळे, बिनमेथीचे.

तर कोट दाजींच्या अंगावर आहे. त्यांना तो माझ्यापेक्षा बरा बसतो, खांदे फुगलेले दिसत नाहीत. म्हातारीनं त्याच कोटात मला पाहिलं होतं. मिशी दोघांची पांढरी. आणि दूरदेशीच्या माणसांना आपण सगळे सारखेच दिसतो. मी स्वतः एकदा एका जपानी बाईला दुसऱ्याच नवऱ्याच्या शेजारी उभी करून फोटो काढला होता, त्यावरून सांगतो. जे जे मी वाचून ठेवलं होतं ते सगळं दाजींना शिकवलं. आभार कसे मानायचे, ग्लास उचलून गाउमार्जोस कसं म्हणायचं, रोटी पालथी ठेवायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी मामा म्हणून हाक मारली की वळून बघायचं. त्याची आम्ही तालीम केली. दाजी खुर्चीत बसायचे, मी दाराशी उभा राहायचो आणि संध्या जिन्यातून हाक मारायची, “मामा!” दर वेळी मीच वळायचो. दाजी बसलेलेच. हसलो आम्ही, तिघंही हसलो. परत केलं, परत मीच. शेवटी दाजी उठून माझ्याकडं आले आणि म्हणाले, “गोकुळ, ह्या शब्दाला माझ्याच्यानं वळवत नाय रे.” मी म्हटलं, वळेल हळूहळू. सवयीचा भाग आहे. ते काही वाईट नाहीत गं. असते तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

लग्नानंतर ते दोघं तुझ्याबरोबर परत तिबिलिसीला येतील. माझी योजना उलटी झाली, आधी द्राक्षं आणि मग राजधानी, पण चालायचं. आता तू गाइड, म्हणून चार गोष्टी सांगतो. डोंगरातल्या वळणांवर आईला मळमळतं, तिला पुढच्या सीटवर बसव आणि आवळासुपारी जवळ ठेव. किल्ल्यावर पाळण्यानंच ने, दाजींना दम लागतो. त्या तलवारवाल्या बाईपाशी दोघांचा फोटो काढ, जवळ उभं करून काढ, आणि आईनं बघायला मागितला की लगेच दाखव. माणसं परत घरी जाऊन फोटोत किल्ला बघत नाहीत, आपण कुणाशेजारी उभे आहोत ते बघतात. इतकी वर्षं लोकांचे फोटो काढून मला एवढं कळलंय. रांजण उघडताना आई वाकून बघेल. तिचा पदर धरून ठेव.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. तुझा स्वभाव माझ्यावर गेलाय, खोटं दिसलं की तुला राहवत नाही. आज जेवणाच्या वेळी ते रांजणाचं तोंड फोडतील, बेबिया पहिली वाटी भरून घेईल आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक मारेल, मामा! माझा कोट घातलेला माणूस आधी इकडंतिकडं बघेल, मग आई त्याला कोपरानं ढोसेल आणि तो उभा राहील. त्या क्षणी तू पिवळ्या साडीत ताडकन उठून सांगायला जाशील, हे नाहीत, ते दुसरे, ते घरी राहिलेत. मी इथं बसून ते अगदी स्पष्ट बघतोय, आणि बघताना मला किती बरं वाटतंय ते तुला कसं सांगू. पण उठू नकोस राजी. आईच्या तोंडाकडं बघ आणि बसून राहा. ती वाटी त्यांना घेऊ दे. म्हातारीनं, लाशाच्या घरच्यांनी, साऱ्या गावानं तो शब्द त्यांच्या भाषेत ऐकला तर ऐकू दे. तू तेवढा आपल्या भाषेत ऐक.

तुझाच,
मामा